दाराकडे तोंड

१

सप्टेंबर संपत आला की वेयिने गावात तीनच गोष्टी उरतात. वाळू, धुरी दिलेले मासे आणि मेचिसच्या थापा. उन्हाळ्याचे पाहुणे गाशा गुंडाळतात, आइस्क्रीमवाला टपरीला फळ्या ठोकतो. मग एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर आम्ही साठ-सत्तर माणसं एकमेकांची तोंडं बघत हिवाळ्याची वाट पाहतो.

मेचिस म्हणजे मेचिस्लोवास. वय सत्तावन्न. गावच्या संग्रहालयाचा रखवालदार, वाटाड्या, झाडूवाला आणि कुणी बडा माणूस आलाच तर संचालकसुद्धा तोच. संग्रहालय म्हणजे निळ्या खिडक्यांचं एक जुनं कोळ्याचं घर. पुढच्या दोन खोल्यांत जाळी, वल्ही, फोटो. मागच्या दोन खोल्यांत मेचिस स्वतः. पाहुण्यांना तो टेकडीवर नेऊन सांगायचा, की आमच्या आधीचं गाव या वाळूनं गिळलं. हे खरं. मग सांगायचा, की वारा पडलेल्या दिवशी वाळूला कान लावला तर खालच्या गावातला कोंबडा आरवताना ऐकू येतो. चांगल्या शिकल्यासवरल्या बाया वाळूवर आडव्या व्हायच्या. अर्ध्या जणींना कोंबडा ऐकूही यायचा. कानात वाळू घेऊन खुशीत परत जायच्या.

त्याची सकाळ ठरलेली. उंबऱ्यावरची रात्रीत साठलेली वाळू झाडायची. चुलीवर पाणी ठेवायचं. फळीवरून निळ्या काठाचे दोन कप काढायचे. आणि मग त्यातला एक परत ठेवायचा.

दीड वर्ष झालं होतं, पण हात ऐकत नव्हता.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याची बायको स्तासे खाडीवरच्या बर्फात भोक पाडून स्तिंता पकडायला गेली होती. स्तिंता म्हणजे बोटभर लांबीचा चांदीसारखा मासा. हिवाळ्यातच मिळतो, आणि त्याला नुकत्याच चिरलेल्या काकडीचा वास येतो. मेचिस त्या दिवशी आदल्या संध्याकाळच्या दारूच्या मैफलीमुळे डोकं धरून पडला होता. "आज तू जा, उद्या मी येतो," म्हणाला. दुपारी माणसं गेली तेव्हा बर्फावर तिचं स्टूल होतं, मासे भरलेली बादली होती, आणि बादलीच्या पलीकडे काळं पाणी. वसंतात बर्फ वितळलं, खाडी उघडली, पण स्तासे कुणाला सापडली नाही. थापाड्या मेचिसनं त्या दिवसाबद्दल मात्र कधी कुणाला काही सांगितलं नाही. खरंही नाही, खोटंही नाही.

तर त्या मंगळवारी सकाळी त्यानं वाळू झाडायला दार उघडलं, आणि घरात काकडीचा वास आला.

ताजा. सुरी नुकतीच फिरल्यासारखा.

२

वासाचं मेचिसनं फार मनावर घेतलं नाही. माणूस डोक्यानं चालणारा होता. त्यानं कपाट उघडलं. बरणीत लोणच्याच्या काकड्या होत्या, पण त्यांचा वास आंबट, शेपूचा. साबण हुंगला. मोरी हुंगली. शेवटी खिडकीबाहेर डोकं काढून हाक मारली, "लिउद्विका! काकड्या चिरतेयस का गं?"

लिउद्विका शेजारीण. मासे धुरावर लावायची तिची भट्टी रस्त्याला लागून, त्यामुळे गावात येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी तिच्या डोळ्यांखालून आणि मग तोंडातून जायचा.

"काकड्या? माझ्या वेली ऑगस्टातच वाळल्या. डोहाळे लागलेत काय रे तुला?"

"वास येतोय."

"अंघोळ कर, जाईल." मग तिनं कपाळावर हात धरून त्याच्या छपराकडे पाहिलं. "लावलीस का शेवटी? छान दिसतेय हं. झिविलेला आवडेल."

छपरावर कालच त्यानं वाऱ्याची फळी चढवली होती. आमच्या पट्टीवर पूर्वी प्रत्येक नावेच्या डोलकाठीवर अशी फळी असायची. हातभर लांब, कोरलेली, रंगवलेली, वाऱ्यानं फिरणारी. फळीच्या एका टोकाला घर कोरायचं, खिडक्या-दारासकट. दुसऱ्या टोकाला पाण्याच्या लाटा. आणि मधे घरातली माणसं, वीतभरही नाहीत एवढी, पातळ लाकडाची, बाजूनं दिसणारी. नाक कुठल्या बाजूला यावरून कोण कुठे बघतंय ते कळायचं. आता नावा उरल्या नाहीत, म्हणून लोक हौसेनं छपरावर लावतात.

मेचिसनं सगळा उन्हाळा खपून स्वतःची फळी केली होती. तीन माणसं. टोपीवाला तो, डोक्याला रुमाल बांधलेली स्तासे, आणि लांब वेणीची त्यांची मुलगी झिविले. तिघांची तोंडं दाराकडे. दुसरीकडे कशी करणार? त्याच्या मनानं स्तासे घरीच यायची होती.

आणि झिविलेही. ती काउनासला इस्पितळात परिचारिका होती. आई गेल्यापासून ती या घरात पाऊल टाकायला धजली नव्हती. आता शेजारच्या गावातल्या दवाखान्यात जागा निघाली होती. "शनिवारच्या बसनं येते," तिनं कळवलं होतं. "चार दिवस राहून बघते, बाबा. घर सहन झालं, तर कायमची येईन. नाही झालं, तर पुन्हा विचारू नका." मेचिसचं सगळं म्हातारपण त्या चार दिवसांवर टांगलेलं होतं.

"तिघंही घराकडे बघतायत," लिउद्विका खालून म्हणाली. "बरं केलंस रे." आणि पदराला डोळे पुसावेत तसे एप्रनला पुसून भट्टीकडे वळली.

बुधवारी सकाळी त्यानं झाडू घेतला. उंबऱ्यावर वाळू होतीच. पण रोजच्यासारखी दाराबाहेर नव्हती, आत होती. आणि ओली.

३

बुधवारीच दुपारी जर्मन पाहुण्यांची बस आली. अशा बसमधून हल्ली या गावात जन्मलेली म्हातारी माणसं यायची. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सगळं गावच्या गाव पळून गेलं होतं. मग पाच-सहा वर्षांनी मेचिसचे आईवडील आणि त्यांच्यासारखी इतर माणसं आतल्या मुलखातून गाय, गाठोडी आणि पोरं घेऊन आली आणि रिकाम्या घरांत राहिली. घरांत ताटल्या तशाच फळीवर होत्या. कुणी कुणाला विचारलं नाही, आणि विचारायला होतं तरी कोण?

त्या बसमधली एक बाई संग्रहालयात शिरली ती सरळ मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली, वाट विचारल्याशिवाय. साठी उलटलेली, काटक, हातात काठी असून न टेकणारी.

"ही माझ्या आईची चूल," ती म्हणाली. भाषा आमचीच, पण जुनी, मीठ लावून ठेवल्यासारखी. "मी हेर्ता. इथंच जन्मले."

मेचिसनं टोपी काढली. असं कुणी आलं की त्याला आपण चोर असल्यासारखं वाटायचं. "बसा ना, बाई. चहा टाकतो. घर तुमचंच आहे."

"होतं. लाजू नका हो, तुम्ही छपराला गळू दिलं नाहीत, हेच पुष्कळ." तिनं कप उचलून पाहिला. "आमचाच. सहा होते."

"दोन उरले."

"कावळे अजून खाता की नाही?"

"आम्ही नाही खात. तुमच्याबद्दल ऐकलंय, जाळ्यात धरून मानेला चावून मारायचात म्हणे."

"आणि पिंपात खारवायचो. कोंबडीच्या तोंडात मारेल अशी चव!" हेर्ता हसली. ती हसली तशी मेचिसची भीड चेपली, आणि त्यानं तिला पुढच्या खोलीत नेऊन नेहमीचं कीर्तन लावलं. भिंतीवर या घराची जुनी फळी टांगलेली होती, तिच्याखाली उभा राहून तो वीस वर्षं जे सांगत आला तेच सांगायला लागला.

"या फळीवर बारा माणसं आहेत. तीन घराकडे बघतायत, म्हणजे घर सांभाळतायत. नऊ लाटांकडे बघतायत, म्हणजे गडी मासेमारीला निघालेत."

हेर्ता फळीकडे बघत राहिली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. अंदाजानं."

"बाप रे," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्ही हे लोकांना सांगता?" मग काठीचं टोक एकेका माणसावर टेकवत गेली. "ही आजी. हा काका मार्टिन, जाळ्यासकट गेला, पण अजून दाराकडेच. ही माझी बहीण. हे आजोबा. लाटांकडे तोंड म्हणजे मासेमारी नाही, मालक. लाटांकडे तोंड म्हणजे मेलेला. माणूस गेला की त्याच दिवशी बाप करवत घ्यायचा, पायाशी कापायचा, उलटा करून चिकटवायचा. जेवायच्याही आधी."

मेचिसनं विचारलं, "आणि नाही वळवला तर?"

"तर त्याला वाटतं, आपल्याला अजून बोलावतायत."

बाहेर बसवाल्यानं भोंगा वाजवला. हेर्ता हलली नाही. "काका मार्टिन बुडाला तेव्हा आजीनं वळवू दिलं नाही. माझा पोर थंडीत उभा आहे म्हणाली. मग तो आला."

"आला म्हणजे?"

"मी नाही पाहिला. आईनं एक ताट जास्त मांडायला सुरुवात केली, आणि आम्हाला का म्हणून विचारायची बंदी झाली. पण मेलेला आत आला, की त्याची जागा जिवंताला सोडावी लागते. एक बाहेरून आत आलं की आतलं एक बाहेर. त्या पावसाळी शरदात माझी बहीण गेली. मग बापानं मार्टिनला वळवायला घेतलं."

"वळला?"

"वळवताना त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं असतं. शेवटपर्यंत. नजर काढली, की करवत दुसऱ्याच्या पायाखाली उतरते. बापाला ते बघवेना. तीनदा प्रयत्न केला, तीनदा दुसरंच कुणी वळलं, शेवटी तो स्वतः." तिनं पुन्हा ती नऊ माणसं मोजली, तोंडातल्या तोंडात. "मग तोफा आल्या आणि उरलेल्या आम्ही दोघी, आई आणि मी, घर सोडून पळालो. आई म्हणाली, सुटलो. तोफा आल्या म्हणून सुटलो म्हणणारी बाई मी तेवढी एकच पाहिली."

जाताना ती अंगणात थबकली. छपराकडे मान वर करून पाहिलं.

"रुमालवाली कोण?"

"माझी बायको."

"कुठंय?"

मेचिसनं खाडीकडे बोट दाखवलं.

हेर्तानं त्याचा दंड धरला. हात म्हातारीचा, पण पकड वल्हं मारणाऱ्याची. "आजच्या आज, मालक," ती म्हणाली. "मला हे घर पुन्हा रिकामं झालेलं बघायचं नाही."

४

आजच्या आज म्हणाली, पण मेचिसनं बुधवारी काही केलं नाही. अक्कल सांगत होती, म्हातारी भ्रमिष्ट आहे; बावन्न वर्षं परक्या देशात बसून माणूस काय काय आठवत बसतो. आपण स्वतः पाहुण्यांना वाळूखालचा कोंबडा ऐकवतो, आता कुणी आपल्याला ऐकवला तर तक्रार कसली?

पण हे अर्धंच कारण होतं. दुसरं अर्धं त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. वास आता चुलीजवळ होता. स्तासेच्या खुर्चीपाशी.

गुरुवारी सकाळी ओली वाळू उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत होती. झाडताना ती झाडूला चिकटत होती. मधे मधे टाचेएवढे खोलगट भाग. दिशा एकच, आत येणारी. मेचिसनं ते पुसून टाकलं आणि चूल जरा जास्तच पेटवली. कुणी गारठून आलं असेल तर जशी पेटवतात तशी.

दुपारी फोन वाजला.

"बाबा, मी. काय जेवलात?"

"मासा."

"आणि?"

"मासाच."

"भाजी नावाची एक गोष्ट असते, बाबा. हिरवी असते. मी आले की दाखवते."

मेचिस हसला. किती दिवसांनी हसला. "ये तर खरी. तुझी खोली रंगवलीये. छपरावर बघ काय लावलंय ते."

"बाबा, एक सांगू? मी इथं राजीनामा देऊन ठेवलाय. चार दिवस वगैरे म्हणाले ते उगीच. तुम्ही फार आशा धरू नये म्हणून." ती थांबली. "आईची खुर्ची तिथंच आहे ना? हलवू नका. मला बसायचंय तिच्यावर."

"नाही हलवत," तो म्हणाला. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे कुणीतरी खोकलं. दोनदा, बारीक. घसा साफ करून बोलायला सुरुवात करावी तसं.

"कोण आहे तिथं?" झिविलेनं विचारलं.

"रेडिओ."

"रेडिओ खोकतो?" ती हसायला गेली, पण तिचा आवाज अर्ध्यावरच बदलला. "बाबा… आई असंच खोकायची. फोनवर यायच्या आधी."

"वारा आहे पोरी. दार खिळखिळं झालंय."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे बघायचं की नाही, याचा निर्णय घ्यायला. बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या बैठकीवरून थेंब पडत होता. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

मेचिसनं दोन कप काढले, आणि त्या दिवशी एक परत ठेवला नाही.

५

शुक्रवारी पहाटेपासून वाऱ्यानं जोर धरला. मेचिसनं काउनासच्या इस्पितळात फोन लावला. नको येऊस, एवढंच सांगायचं होतं. कारण काय सांगायचं, हे ठरलं नव्हतं. पलीकडची बाई म्हणाली, झिविले पाळीवर आहे, इथूनच परस्पर बसला जाणार, निरोप आहे का काही? मेचिस म्हणाला, "सांगा, सांभाळून ये." आणि ठेवून दिला. नको येऊस म्हणण्यासाठी एक शब्दच जास्त लागला असता.

दुपारी त्यानं शिडी लावून फळी उतरवली आणि चुलीजवळच्या टेबलावर आडवी ठेवली. बारीक दातांची करवत घेतली. तीन माणसं दाराकडे बघत उभी होती. मधली स्तासे. उन्हाळ्यात तिचं नाक कोरायला त्याला पाच दिवस लागले होते, कारण ते किंचित वर वळलेलं होतं आणि लाकडात ते हसण्यावारी जात होतं.

"स्तासे," तो म्हणाला. "पोर येतेय."

खोलीत काही हललं नाही. वास मात्र दाटला.

"तू थंडीत आहेस, मला माहीत आहे. मीच पाठवली तुला. पण ती जिवंत आहे गं."

त्यानं करवत पायाशी टेकवली आणि नजर त्या वळलेल्या नाकावर रोवली. कर्र. कर्र. भुसा पांढरा पडत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यानं पापणी लववली नाही. अर्धं लाकूड झालं. पाऊण झालं. टेबलाच्या पलीकडे, चुलीच्या उबेत, ओलं कापड खुर्चीवर सरकल्याचा आवाज आला. कुणी पुढे वाकून बघतंय तसा. त्यानं तरी नजर हलवली नाही. आता एक धागा उरला होता.

"मेचिस," ती म्हणाली.

रागानं नाही, रडून नाही. ताटावर बसताना हाक मारायची तशी.

त्यानं वर पाहिलं.

खुर्चीत दिसलं ते पापणी लवायच्या आतलं होतं. रुमालाची गडद ओली कड, आणि तिच्याखाली चेहरा असायला हवा तिथं, खूप दिवस पाण्याखाली ठेवलेल्या लाकडासारखं काहीतरी, फिकट आणि गुळगुळीत, नाकाशी किंचित वर वळलेलं. मग खुर्ची नुसती खुर्ची होती. आणि हातातली करवत टेबलात उतरली होती.

कापलेली बाहुली त्याच्या तळहातात होती. त्यानं मूठ मिटली. अंगठ्याला मानेमागे गाठ लागली. रुमालाची गाठ. हीच, त्यानं स्वतःला बजावलं. हीच, बघायची काय गरज? मूठ उघडून बघायचा त्याला धीर नव्हता, कारण तिचं तोंड आता पाण्याकडे असणार होतं. चाचपत सरस लावला, उलटी चिकटवली, फळीवर फडकं टाकलं. संध्याकाळी उजेड असतानाच, छपराकडे न बघता, नुसत्या आपल्या हातांकडे बघत, त्यानं फळी खांबावर चढवली आणि फडकं ओढून घेतलं.

६

शनिवारी सकाळी घरात वास नव्हता.

उंबऱ्यावरची वाळू बाहेर होती, कोरडी, नेहमीची. मेचिस झाडू टेकून रडला, आणि रडता रडता हलकाही झाला. स्तासेला त्यानं दुसऱ्यांदा पाण्यात लोटलं होतं, पण पोर वाचली होती. त्यानं बटाटे सोलले. दाढी केली. खुर्ची पुसली, उन्हात ठेवली, परत आत आणली. दोनला बस होती. दीडलाच निघाला.

भट्टीपाशी लिउद्विका माशांना काठ्यांवर ओवत बसली होती. "आज नवरदेव दिसतोयस! हा घे, मोठा मासा. पोरीला दे, म्हणावं लिउद्विकामावशीनं दिलाय. आणि भांडण मिटवा आता."

"कसलं भांडण?"

"मला काय वेडी समजतोस? काल फळी उतरवलीस, आज बघते तर पोरीचं तोंड फिरवलेलं. बापलेकीचं काहीतरी वाजलं असणार."

मेचिस हसला. "ती स्तासे आहे."

"माझे डोळे अजून शाबूत आहेत हो. स्तासे तिथंच आहे घराकडे बघत, रुमाल बांधून. वेणीवाली पाण्याकडे बघतेय." तिनं धुरानं काळं झालेलं बोट वर केलं. "ते बघ ना, पायाखाली पांढरं लाकूड दिसतंय. ताजं कापलेलं."

मेचिसनं वर पाहिलं. वाऱ्यानं फळी नेमकी आडवी धरली होती, सगळ्या गावाला दिसेल अशी. टोपीवाला दाराकडे. रुमालवाली दाराकडे. तिसरी, लाटांच्या अगदी काठावर, पाठमोरी. तिच्या मानेवर वेणीचा पेड जिथं सुरू होतो तिथं त्यानं उन्हाळ्यात एक गाठ कोरली होती. अंगठ्याला रुमालाच्या गाठीसारखीच लागणारी.

मासा त्याच्या हातातून पडला. तो पळत सुटला.

बस थांब्यावर उभीच होती. पाच-सहा माणसं उतरली. तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत गेला. शेवटी आत चढला. बस रिकामी. मधल्या बाकावर झिविलेची चॉकलेटी पिशवी होती, तिच्यावर तिनं कधीतरी इस्पितळाची चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं. पिशवीतून हिरव्या कांद्याची पात डोकावत होती. पिशवी उचलून तो खाली उतरला.

"ही? ही पोरगी कुठंय?"

चालक खाली वाकून टायर बघत होता. "ती होय. ती राहिली मागं. म्हणजे, मला वाटलं राहिली. क्लायपेदा बंदरात फेरीबोटीवर बस चढवली, सगळे हवा खायला खाली उतरले. ती कठड्याशी एका बाईशी बोलत उभी होती. ओळखीची असावी, हात धरला होता. पलीकडे लागलो, भोंगा दिला, ती काही आली नाही. म्हटलं, मावशीबरोबर गेली असेल." त्यानं मेचिसकडे पाहिलं आणि त्याचा आवाज बारीक झाला. "काय झालं काका? बसा जरा. बसा."

"बाई कशी होती?"

"मी काय बघत होतो थोडाच? रुमाल होता डोक्याला." त्यानं हात पँटला पुसले. "भिजलेली होती. म्हटलं, लाट उडाली असेल. पण समुद्र तर शांत होता."

७

लोक गोळा झाले, फोन झाले, सामुद्रधुनीत बोटी निघाल्या. लिउद्विका रस्त्यातच मटकन बसून राहिली. मेचिसला कुणी तरी घराच्या फाटकापर्यंत सोडलं. तिथून पुढे तो म्हणाला, मी जाईन.

छपराकडे त्यानं पाहिलं नाही. शिडी अजून भिंतीला टेकलेली होती. वर जाऊन पुन्हा कापता आलं असतं, उघड्या डोळ्यांनी. हेर्ताच्या बापानं तीनदा प्रयत्न केला होता. भिंतीवरच्या नऊ पाठमोऱ्या माणसांसमोर उभं राहून मेचिसनं आज पहिल्यांदा त्यांना नीट मोजलं, आणि करवत जिथं होती तिथंच ठेवली.

मागच्या खोलीत चूल पेटलेली होती. त्यानं पेटवली नव्हती. उंबऱ्यापासून ओली वाळू होती, आणि काकडीचा वास एवढा ताजा, एवढा हिरवा, की एखाद्याला वाटावं घरात कुणी जेवणाची तयारी करतंय.

त्यानं झिविलेची पिशवी दाराबाहेर ठेवली. आत आणायला हात उचलेना.

टेबलावर निळ्या काठाचे दोन कप मांडलेले होते. एक त्याच्या जागी, एक खुर्चीसमोर. दीड वर्षं रोज सकाळी तो दुसरा उचलून फळीवर परत ठेवत आला होता. कपांची फळी हाताच्या अंतरावर होती.

खुर्चीकडून बारीक खोकल्याचा आवाज आला. दोनदा.

मेचिस बसला. किटली उचलली. आधी तिच्या कपात ओतला, मग स्वतःच्या.